आईचं चोंदलेलं नाक आणि मामाने दिलेलं सर्पगंधाचं चूर्ण

खडीसाखर_ठाणे
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा काळजीत आहे म्हणून थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आई ६८ वर्षांची, सिंधुदुर्गात एकटी राहते. बीपी दहा एक वर्षांपासून, अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि मेटोप्रोलॉल २५ रोज एकेक, त्यावर १४०-१४५ च्या आसपास असायचं. गणपतीला गेले तर नाक एकदम बंद, तोंडाने श्वास घेतेय. सर्दी नाही, ताप नाही, शिंक नाही. म्हणाली दोन महिने झाले, तिथल्या कानानाकाच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आली, थेंब दिले, वाफ घे म्हणाले, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या झाल्या. काही फरक नाही. दुसरं म्हणजे दुपारी चार चार तास झोपते, शेजारच्या काकूंशी बोलत नाही, मोदक करायला उठली नाही!! माझी आई म्हणजे गौरीच्या दिवशी पहाटे चारला उठून सगळ्यांना उठवणारी बाई. मला वाटलं एकटेपणा, बाबा जाऊन दीड वर्ष झालंय.

मग काल फोनवर सहज बोलता बोलता कळलं की मामा तिला 'अडकईच्या मुळीचं चूर्ण' देतोय, म्हणजे सर्पगंधा, परसात लावलंय त्याने, स्वतः वाळवून कुटून बोर्नव्हिटाच्या डब्यात भरून दिलंय. रोज रात्री अर्धा चमचा दुधातून. आणि बीपी? ११० वर आलंय म्हणून दोघं बहीणभाऊ खूश!! "गोळ्या बंद करायच्या आता हळूहळू" हे मामाचं पुढचं वाक्य.

नेटवर वाचलं तर कुणी म्हणतं अमृत, कुणी म्हणतं विष. इथे डॉक्टर, वैद्य, फार्मसीवाले सगळे आहेत म्हणून विचारतेय. नाकाचा आणि याचा संबंध असू शकतो का?

पळीपंचपात्र
असू शकतो नाही, आहे. मी जनरल प्रॅक्टिस करतो, ३४ वर्षं झाली. तुमचा पहिला परिच्छेद वाचतानाच मनात आलं की ही बाई रेसर्पिनवर आहे, आणि मग वाटलं छे, आता कोण देतं रेसर्पिन.

सर्पगंधाच्या मुळात बरीच अल्कलॉइड्स, म्हणजे शरीरावर जोरात परिणाम करणारी द्रव्यं असतात, बीपी उतरवणारं मुख्य म्हणजे रेसर्पिन. आपल्या नसांच्या टोकाला बारीक पिशव्या असतात, त्यात नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही निरोप पोचवणारी रसायनं भरून ठेवलेली असतात. रेसर्पिन हे भरण्याचं काम करणारा पंपच बंद पाडतं. माल पिशवीत जात नाही, बाहेरच मोडला जातो, गोदाम रिकामं. नॉरअ‍ॅड्रेनलिन कमी म्हणून रक्तवाहिन्या सैल, नाडी मंद, बीपी खाली. पण नाकातल्या रक्तवाहिन्या पण सैलच होतात ना! फुगतात, नाक बंद. आम्ही शिकत असताना सर म्हणायचे पेशंटचं नाक चोंदलं नाही तर त्याने गोळी घेतलीच नाही समजा.

झोप, उदास वाटणं, मंद नाडी, आम्लपित्त, जुलाब हे सगळं त्याच पोतडीतलं. आणि त्यावर मेटोप्रोलॉल चालू आहे, तेही नाडी मंदच करतं. आज नाडी मोजायला सांगा. ५० च्या खाली असेल किंवा चक्कर येत असेल तर उद्यावर ढकलू नका. चूर्ण बंद, पण चालू गोळ्या मामांच्या सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत, विशेषतः मेटोप्रोलॉल एकदम सोडलं तर बीपी आणि नाडी उसळते. गोळीचं काय करायचं ते तपासणारा डॉक्टर ठरवेल, चूर्णाचा डबा सोबत घेऊन जा.

रोखठोक_७१
झालं सुरू. हजारो वर्षांचं औषध विष आणि कंपनीची गोळी अमृत. बीपी १४५ चं ११० झालं ते दिसत नाही, नाक दिसतं. सर्पगंधा नैसर्गिक आहे, शरीर ओळखतं त्याला. लॉबी नको म्हणते म्हणून बंद पाडलं.

गोळीबंद
रोखठोक, मी औषध दुकान चालवतो आणि फार्मसी शिकलोय, तुमच्याशी भांडत नाही, फक्त एक हिशोब मांडतो.

पूर्वी जी गोळी यायची त्यात रेसर्पिन ०.१ मिलिग्रॅम किंवा ०.२५ मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग!! एवढ्याशाने बीपी उतरायचं. आता सुक्या मुळात रेसर्पिन हजारात एक भाग धरा, जमीन, वय, ऋतू, साल किती आली यावर कमीजास्त होतं, सालीत जास्त असतं आतल्या लाकडापेक्षा. तर एक ग्रॅम पूड म्हणजे साधारण एक मिलिग्रॅम रेसर्पिन. म्हणजे ०.१ च्या दहा गोळ्या. अर्धा चमचा पूड कशी भरता त्यावर एक दीड ग्रॅम सहज होते. मुळी कमकुवत निघाली आणि निम्मंच धरलं तरी पाच सात गोळ्या रोज, दोन महिने, ६८ वर्षांच्या बाईला.

कुठली लॉबी आली यात? नैसर्गिकच आहे की, पण माप नाही.

वैद्य_आडवाटेचा
गोळीबंद यांना अनुमोदन, आणि हे मी आयुर्वेदाचा माणूस म्हणून लिहितोय. सर्पगंधा मी वापरतो. निद्रानाश, उन्माद, रक्तदाब. पण गुंजेच्या मापात, चमच्याच्या नाही. एक गुंज म्हणजे साधारण १२५ मिलिग्रॅम. दोन गुंजांनी सुरू करायचं, नाडी बघायची, आठ दिवसांनी परत बघायचं. सर्पगंधा घनवटीत तर बरोबर जटामांसी, खुरासनी ओवा, कुठे कुठे भांगही असते, ती तर आणखीच झोप आणते, ती पण लोक दुकानातून आपल्या मनाने आणून खातात.

ज्याला आधीच मन उदास आहे, ज्याला पोटात अल्सर आहे, कंपवात आहे त्याला मी देत नाही. आणि चालू गोळ्यांवर चढवून तर अजिबात नाही. खडीसाखर, तुमच्या आईंना दीड वर्षापूर्वी वैधव्य आलंय. त्या दुःखावर हे औषध म्हणजे नको तिथे बोट. मामांचं मन चांगलं आहे यात शंका नाही.

खडीसाखर_ठाणे
धन्यवाद सगळ्यांना, हात थरथरतायत टाइप करताना. शेजारच्या मुलाकडे बोटाला लावायचं मशीन आहे, नाडी ५२ आली. चक्कर नाही म्हणते पण उठताना भिंत धरते. उद्या सकाळी भाऊ गोव्याहून निघतोय तिला न्यायला.

रोखठोक_७१
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

दप्तरखाना
काळजी घ्या ताई. उद्यापर्यंत थांबायचंच आहे तर थोडा इतिहास टाकतो, कारण या औषधाची गोष्ट आपल्याच मुंबईतून जगभर गेली आणि आपल्यालाच माहीत नसते.

१९३१ साली दोन ठिकाणी काम झालं. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळातून अल्कलॉइड्स वेगळी काढली, एकाला हकीम अजमल खान यांचं नाव दिलं, अजमलीन. (हेच सलीमुज्जमान पुढे पाकिस्तानात गेले.) त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर हे भारतीय औषध चालतं. बिहारकडे तर त्याला लोक सरळ 'पागल की दवा' म्हणायचे. मग कलकत्त्यातच रामनाथ चोप्रांनी त्यावर प्रयोग केले.

पण बाहेरच्या जगाने कान टवकारले ते १९४९ ला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील, केईएमचे, त्यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ५० पेशंटवरची चाचणी छापली. तेव्हा बीपीवर धड औषधच नव्हतं हो, मीठ तोडा, विश्रांती घ्या, आणि फारच झालं तर पाठीतल्या नसा कापायचं ऑपरेशन! तिथे हा माणूस सांगतोय की आमच्याकडच्या मुळीच्या गोळीने दाब उतरतो. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ते अमेरिकेत वापरून बघितलं आणि औषध पसरलं. वकिलांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला, वैद्यकात त्याच्या वर नोबेलच. केईएमच्या आवारातून रोज जाणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत असेल, देव जाणे.

फेणीवाला
आमच्या गोंयचं पण नाव लावा की राव. गार्सिया द ऑर्ता, पोर्तुगीज वैद्य, १५६३ ला गोव्यात छापलेल्या त्याच्या पुस्तकात सापावरच्या एका मुळीचं वर्णन आहे, मुंगूस सापाशी भांडायच्या आधी ती खातं ही गोष्ट पण त्यात आहे. काही अभ्यासक ती सर्पगंधाच मानतात. माझी आजी पण मुंगसाची गोष्ट सांगायची, आम्ही पोरं मुंगसामागे फिरायचो कुठलं झाड खातो बघायला. कधी काही खाल्लं नाही त्याने, आमची एक कोंबडी सोडून.

पळीपंचपात्र
😀 सापाच्या विषावर याचा काडीचा उपयोग नाही हे मात्र स्पष्ट लिहून ठेवतो, कोकणातले लोक वाचतायत. साप चावला की सरळ दवाखाना.

रानकंद
मी झाडांचा माणूस. खडीसाखर, मामांच्या परसातल्या झाडाचा फोटो मिळेल का? पानं कशी लागलीत ते दिसेल असा हवा. एका पेराला तीन पानं की चार?

खडीसाखर_ठाणे
अपडेट देते. काल भावाने आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, नाडी ५०, बाकी ठीक. उभं राहिल्यावर बीपी ९६ वर उतरत होतं म्हणून चक्कर. चूर्ण बंद. तिथल्या डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल निम्मं केलंय, दोन दिवसांनी परत बोलावलंय. डबा बघून म्हणाल्या मी एमबीबीएसच्या पुस्तकात वाचलंय फक्त, प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघतेय!

रानकंद, फोटो टाकलाय. चार पानं आहेत, दोन मोठी दोन छोटी. फळं लाल आणि काही काळी.

रानकंद
मला हीच शंका होती. हे सर्पगंधा नाहीच!! हे रावोल्फिया टेट्राफिला, सर्पगंधेचा चुलत भाऊ, मूळचा उष्ण अमेरिकेतला, आता आपल्याकडे रस्त्याकडेला, पडीक जागेत उगवतो. चार पानांचा झुपका, लहानमोठी पानं, बारीक पांढुरकी फुलं. खऱ्या सर्पगंधेला बहुतेक तीन तीन पानं, फुलं पांढरी पण देठ लालगुलाबी, सावलीत वाढतं, गुडघ्याएवढं झुडूप. नर्सरीवाले पण बिनधास्त एकाच्या नावावर दुसरं विकतात, आणि मुळांच्या बाजारात भेसळ तर याचीच होते.

आता गंमत अशी की यात पण रेसर्पिन असतंच. म्हणून आईंचं बीपी उतरलं आणि नाकही चोंदलं. पण किती असतं, बाकी काय काय असतं, तुमच्या परसातल्या मुळात किती होतं, कोण सांगणार? गोळीबंद यांचा हजारात एकचा हिशोब सर्पगंधेचा होता, इथे तोही लागू नाही.

जाता जाता, खरी सर्पगंधा जंगलात फार कमी राहिलीय. मूळ हवं म्हणजे झाड उपटायचं, मूळ तयार व्हायला दोन तीन वर्षं, बी नीट रुजत नाही. पन्नासच्या दशकात परदेशातून मागणी आली तेव्हापासून नुसतं उपटणं चालू. १९९० पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे परदेशी व्यापारावर बंधन. आफ्रिकेतली रावोल्फिया व्होमिटोरिया नावाची जात आहे, तिच्यात रेसर्पिन जास्त, पुढे कंपन्या तिच्याकडे वळल्या.

नातीगोती
वाचतेय, फार उपयुक्त धागा. एक बाळबोध प्रश्न, एवढं चांगलं औषध होतं तर बंद का झालं? माझे आजोबा अडेल्फेन नावाची गोळी घ्यायचे आठवतं, ८८ वर्षं जगले.

गोळीबंद
अडेल्फेन म्हणजे रेसर्पिन अधिक डायहायड्रालझिन, आणि त्यात लघवीची गोळी घातली की अडेल्फेन-एसिड्रेक्स. एकेकाळी माझ्या वडिलांच्या काउंटरवर बरण्या रिकाम्या व्हायच्या, स्वस्त होती. मूळ कंपनी सीबा, स्वित्झर्लंडची. १९५२ ला त्यांच्याच लोकांनी, म्युलर, श्लिट्लर आणि बाइन, बाझेलमध्ये शुद्ध रेसर्पिन वेगळं काढलं, सर्पासिल नावाने विकलं. सिद्दीकींच्या हातून नेमकं तेच निसटलं होतं. १९५६ ला वुडवर्ड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत पूर्ण बनवून दाखवलं, रसायनशास्त्राची पोरं अजून ते शिकतात.

पळीपंचपात्र
नातीगोती, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. बीपी उतरवलं तर माणूस खरंच वाचतो का हे जगाला पहिल्यांदा नीट दाखवलं अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांतल्या अभ्यासाने, १९६७ आणि १९७०. त्यात दिलेल्या तीन औषधांतलं एक रेसर्पिन होतं. म्हणजे आज मी पेशंटला जे ठासून सांगतो की गोळी चुकवू नका, पक्षाघात टळतो, त्या सांगण्याचा पाया घालण्यात या मुळीचा वाटा आहे. हे रोखठोक यांनी पण वाचावं, कुणी तिला विष म्हणत नाहीये.

मग मागे का पडलं? एक तर डोस. सुरुवातीला अर्धा, एक मिलिग्रॅम आणि मनोरुग्णांना तर त्याच्या कितीतरी पट द्यायचे, १९५४ ला न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी वापरलं तेव्हापासून. काही लोक खोल उदास झाले, आत्महत्येच्या बातम्या आल्या. पुढे लोकांनी जुने आकडे परत तपासले, कमी डोसला तेवढा धोका दिसत नाही म्हणतात, पण नाव गेलं ते गेलं. १९७४ ला लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्तनाच्या कॅन्सरशी संबंध असल्याचे तीन लेख आले, तो संबंध पुढच्या अभ्यासांत टिकला नाही, पण तोवर डॉक्टर दुसरीकडे वळलेले. आणि मुख्य म्हणजे नाक न चोंदवणाऱ्या, झोप न आणणाऱ्या गोळ्या आल्या. मी स्वतः शेवटचं कधी लिहिलं आठवत नाही. ज्यांचं बीपी तीन चार औषधांनी हटत नाही अशांसाठी काही तज्ज्ञ अजून त्याची आठवण काढतात, तेही ०.१ सारख्या चिमूटभर डोसमध्ये.

दप्तरखाना
एक राहिलंच, सशांची गोष्ट. स्वीडनच्या अर्विड कार्लसनने १९५७ ला सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून ढिम्म बसले, हलेनात. मग त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं, आणि थोड्या वेळात ससे उठून टुणटुण! त्यातून कळलं की डोपामिन संपलं की हालचाल संपते, पार्किन्सनवरचा एल-डोपाचा इलाज त्याच वाटेने आला. २००० साली त्याला नोबेल. म्हणजे औषधाचा दुष्परिणामच नोबेलला घेऊन गेला.

खडीसाखर_ठाणे
दप्तरखाना, सशांचं वाचून रडूच आलं. कान पाडून ढिम्म. गौरीच्या दिवशी आई अगदी तशी बसली होती खुर्चीत, आणि मी तिला ओरडले होते.

डॉक्टर, हे उतरायला किती दिवस लागतील? बंद करून चार दिवस झाले, नाक तसंच.

पळीपंचपात्र
ओरडलात ते विसरा, आईंना आठवत पण नसेल. दिवस लागतील. रेसर्पिन त्या पंपाला असं चिकटतं की सुटत नाही, शरीराला नव्या पिशव्या बनवाव्या लागतात, म्हणून रक्तातून औषध गेलं तरी परिणाम दोन तीन आठवडे रेंगाळतो. याच काळात कुठलं ऑपरेशन, दाताचं जरी असलं, तर भूल देणाऱ्याला हे सांगायचंच. आणि मन, म्हणजे जेवण, झोप, रडणं, नको ते बोलणं, यावर लक्ष ठेवा. नाक उघडलं पण उदासपणा राहिला तर तो दुःखाचा असेल, त्याची वेगळी दखल घ्या, चूर्णावर सगळं ढकलून मोकळे होऊ नका.

बीपी परत चढेल, घाबरू नका, ते गोळ्यांनी बसवता येतं.

वैद्य_आडवाटेचा
आणि मामांना रागावू नका फार. डबा मात्र काढून घ्या, ते स्वतः घेत असतील तर?

खडीसाखर_ठाणे
वैद्यबुवा, तुम्हाला कसं कळलं!! मामा पण घेत होता, 'झोप छान लागते' म्हणून. त्याची नाडी ५६. बायकोने आता डब्याला कुलूप लावलंय.

शेवटचा अपडेट, तीन आठवडे होऊन गेले. नाक अठराव्या दिवशी उघडलं, आई म्हणे पहिला वास आला तो शेजारच्या सोलकढीच्या लसणीचा. मेटोप्रोलॉल परत २५ केलंय, बीपी १३८, नाडी ६८. दुपारी अर्धा तास पडते फक्त. काल फोन केला तर उचलला नाही, जीव खाली वर, तर बाईसाहेब काकूंबरोबर भजनाला.

मामा अजून म्हणतो बीपी उतरलं होतं हे तर खरं ना. खरंच आहे, काय बोलणार. रानकंद, ते झाड उपटू का ठेवू? आणि डब्यातलं उरलेलं अर्धा किलो तरी आहे, कुठे टाकू?

रानकंद
झाड राहू दे, बुलबुल फळं खातात, फक्त लहान मुलं येत असतील तर फळं हाताला लागू देऊ नका. पूड गुरांच्या गोठ्याकडे किंवा उकिरड्यावर उघडी टाकू नका. पाणी घालून चिखल करा, चुलीतली राख मिसळा, पिशवीत बांधून कचऱ्यात. आणि बोर्नव्हिटाचा डबा पण टाका हो, नाहीतर पुढच्या गणपतीला त्यातून कुणीतरी दूध करून प्यायचं.